घरातला एकटा जाणकार

मोडक्या खुर्च्यांना आणि बसक्या सोफ्यांना नवं कापड चढवणं हा त्याचा धंदा, म्हणून सगळे त्याला खुर्चीवालाच म्हणत. हाताला तोड नव्हती. पण ओळख करून देताना लोक हाताचं नाही, डोक्याचं सांगायचे. एकदा डोकं चढणीला लागलेलं असताना त्यानं नाट्यगृहाच्या दोनशे खुर्च्या कुणी न सांगता उसवून ठेवल्या. पुन्हा भरायला घेईपर्यंत उतरण लागली आणि गडी दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडला. लोकांनी अख्खं नाटक उभ्यानं बघितलं.

त्यानंतर डॉक्टर आले, गोळ्या आल्या, आणि सात वर्षं तो घड्याळासारखा चालला. पण माणूस एकदा वेड्यांच्या यादीत गेला की त्यानं चहा फुंकून प्यायला तरी घरचे एकमेकांकडे बघतात.

त्याची एकुलती पोरगी तेरा वर्षांची. परीक्षेच्या आधी ती महिनाभर नुसती पडून होती. केस विंचरेना, जेवेना, मैत्रीण दाराशी आली तर पांघरुणात तोंड घाली. घरचे म्हणाले, आळस. मग आठवड्याभरात वारं फिरलं. पहाटे तीनला उठून तिनं इतिहासाचं सगळं पुस्तक तीन रंगांत उतरवून काढलं. धावण्यात नाव दिलं, वक्तृत्वात दिलं, नाटकात दिलं. वाद्य एकही वाजवता येत नसताना शाळेचा बँड उभा करायचं ठरवलं. बोलायला लागली की एक वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं त्याच्या पाठीवर बसायचं. 'जरा हळू बोल' म्हणणाऱ्या मैत्रिणीला तिनं डबा फेकून मारला. घरचे म्हणाले, हुशारी.

हा शोध मामाचा. मामा म्हणजे खुर्चीवाल्याच्या बायकोचा थोरला भाऊ, हेडक्लार्क. कचेरीत त्याचं मत कुणी विचारत नसे, म्हणून आठवडाभराची साठलेली मतं तो दर रविवारी बहिणीच्या घरी आणून ओतायचा.

"पोरगी आमच्या घराण्यावर गेली," मामा म्हणाला.

"माझ्यावर गेलीय," खुर्चीवाला म्हणाला. "तिच्या वयाचा असताना मीही आधी असाच पडून होतो. मग तीन तास झोपायचो आणि दिवसभर घोड्यासारखा उधळायचो. बाप गावभर कौतुक सांगत फिरला. डॉक्टरचं तोंड दिसायला पुढं पंधरा वर्षं लागली. हिला आत्ताच दाखवू."

"अहो, पण तिकडे जाताना कुणी बघितलं म्हणजे?" बायको म्हणाली.

"बघणारा तिथे काय भाजी घ्यायला आलेला असेल?"

मामानं घसा खाकरला. "भावोजी, राग मानू नका, पण पोरगी पुढे चाललीय हे तुम्हाला बघवत नाही."

तीन रविवार खुर्चीवाल्यानं परोपरीनं सांगून बघितलं. चौथ्या रविवारी आवाज जरा चढला, आणि मामाच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"बघ, चढलंय पुन्हा," तो बहिणीला म्हणाला. नवरा समोरच बसला होता. "तेच तेच बोलतोय. उद्याच डॉक्टरकडे ने आणि डोस वाढवून घे."

सोफ्याच्या कडेचा वर आलेला खिळा खुर्चीवाल्यानं अंगठ्यानं आत दाबला. मग म्हणाला, "बरोबर आहे. मला नेच. पण पोरीनं हात धरला तरच मी येईन."

आजारी माणसाचा हट्ट म्हणून तो लगेच पुरवला गेला. तीन रविवार शहाण्यासारखा बोलला, तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं.

दवाखान्यात मामाही आला. घरातलं कुणीतरी जाणतं सोबत हवं ना. खुर्चीवाल्यानं डॉक्टरबाईंसमोरच्या खुर्चीत पोरीला बसवलं आणि आपण मागे उभा राहिला. "माझी एकही गोळी चुकलेली नाही, झोप सात तास आहे. आज हिच्यासाठी आलोय."

"डॉक्टर, त्याचं काय आहे," मामानं सुरुवात केली.

"तुम्ही बाहेर बसा," डॉक्टरबाई म्हणाल्या. मामाला असं सांगितलं जाण्याची ही पहिली वेळ नव्हती. बहिणीसमोर मात्र पहिलीच.

डॉक्टरबाईंनी पोरीला झोपेचं विचारलं. तिनं बँडचं सांगितलं, शर्यतीचं सांगितलं, परत बँडवर आली, आणि मध्येच थांबली. "झोप येतच नाही. डोक्यातलं पळणं थांबत नाही. मला भीती वाटते."

"घरी नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? सगळे शाबासकी देत होते."

आई आपल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली.

"आत्ताच याला आजाराचं नाव देणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वयाचंही असेल. पण वडिलांना हा आजार आहे, तेव्हा डोळेझाक नको. रोजची झोप आणि मन कसं आहे ते लिहून ठेवा. ठरल्या वेळी अंथरूण, बँड-बिंड सध्या बंद. पंधरा दिवसांनी परत या." त्यांनी तक्त्याचा कागद पुढे केला. बायकोनं तो घेतला, वाचलाही नाही, आणि नवऱ्याच्या हातात दिला.

बाहेर मामा ताटकळत उभा होता. "किती वाढवला डोस?"

"पोरीला दाखवलं, दादा," बायको म्हणाली. "आणि यापुढे या बाबतीत घरात एकाचंच मत चालेल."

"कुणाचं?" मामानं मोठ्या आशेनं विचारलं.