बाबांच्या लॅपटॉपची पाळी

माझा धाकटा भाऊ आ-फा सव्वीस वर्षं तैपेईच्या बाजारात जुने लॅपटॉप दुरुस्त करतोय. मेमरी वाढवायची, जुनी हार्ड डिस्क काढून नवी बसवायची, यावर त्याचं घर चालतं. जुन्या डिस्कमधलं सगळं नव्या डिस्कवर उतरवणार, दोनदा तपासणार, मग जुनी डिस्क पाकिटात घालून, वर गिऱ्हाइकाचं नाव लिहून, दोन्ही हातांनी परत देणार. "महिनाभर फेकू नका हं, मावशी," असं बजावणारही. बाजारात त्याला देवमाणूस म्हणतात. म्हणू देत, त्यांचं काय जातंय?

आमचे बाबा शिन्पू गावातल्या घरी एकटे राहतात. त्यांचा लॅपटॉप अकरा वर्षांचा. आई गेली त्याआधीच्या हिवाळ्यात पर्सिमनची फळं सोलता सोलता ती आमच्या हाक्का बोलीतली गाणी म्हणायची, ती बाबांनी त्यात भरून ठेवली होती. दुसरीकडे कुठेच नव्हती. लॅपटॉप मध्येच बंद पडायला लागला तेव्हापासून बाबांचा दर आठवड्याला फोन, "आ-फा, माझ्याकडे कधी बघतोस?" आणि याचं ठरलेलं, "पुढच्या रविवारी, बाबा." असे तीन वर्षांचे रविवार गेले.

शेवटी आईच्या श्राद्धाला आला तो नवी मेमरी आणि दुकानातूनच विंडोज टाकून तयार केलेली नवी डिस्क घेऊन. जेवणाच्या टेबलावरच, उकडलेल्या कोंबडीच्या ताटाशेजारी, लॅपटॉप उघडला. दहा मिनिटांत दोन्ही बसवलं. जुनी डिस्क तिथेच उघडी टाकली आणि गिऱ्हाइकाचा फोन आला म्हणून बाहेर गल्लीत गेला.

मी मागच्या अंगणात पिंपात आईसाठी कागदी नोटा, कागदी कपडे जाळत होते; जाळलं की ते तिकडे तिला पोचतं. आणखी कागद न्यायला आत आले तर ही डिस्क दिसली. दारातून विचारलं, "हे जुनं काढलेलं ना रे? झालं याचं काम?"

"झालं, ताई, झालं," तो फोनवर हात ठेवून म्हणाला.

मला वाटलं, गाणी नव्यात उतरली. मग ही आईकडे जाऊ दे, तिची गाणी तिलाही ऐकता येतील. सोनेरी कागदात गुंडाळली, नमस्कार केला आणि जाळात टाकली.

जेवणं झाल्यावर आ-फा टेबलाखाली वाकून शोधायला लागला. "ताई, डिस्क कुठाय? त्यातलं अजून उतरवायचंय."

मी पिंपातून चिमट्याने बाहेर काढलं ते काळं, वाकडं, वितळलेलं काहीतरी होतं.

"अक्कल गहाण ठेवलीस का गं?"

"आणि तू? परक्यांची डिस्क पाकिटात, आणि बापाची कोंबडीशेजारी?" मीही ओरडले. त्याचा संताप येत होता आणि स्वतःची लाज वाटत होती, दोन्ही एकदम.

बाबा लॅपटॉपसमोर बसले होते. तो झटकन सुरू झाला होता. त्यांनी एकेक कप्पा उघडून पाहिला, सगळे रिकामे.

"भांडू नका," ते म्हणाले. "माझंच चुकलं, आ-फा. तुझ्या दुकानात येऊन, नाव सांगून, गिऱ्हाइकांच्या रांगेत उभं राहायला हवं होतं मी."