जपानी चालीचा गजर

आमच्या ग्रामदेवतेनं संगीतावर आजवर एकदाच जाहीर मत दिलं आहे, आणि ते माझ्या गाण्याविरुद्ध आहे.

आता ते मत देवीचं होतं की खालच्या आळीचं, याबद्दल माझा वाद अजून मिटलेला नाही. पण आधी मी कोण ते सांगतो. दिवेआगरच्या अलीकडे आमचं गाव. नारळी-पोफळीची वाडी, वाडीत घर, घरावर होमस्टेचा बोर्ड. (होमस्टे म्हणजे आपलं घर पाहुण्यांना देऊन आपण मागच्या पडवीत राहायचं, आणि पाहुणे पंखा चालू ठेवून समुद्रावर गेले की हसतमुखानं तो बंद करायचा.) पण हे झालं पोटापाण्याचं. माझी खरी ओळख म्हणजे वरच्या आळीच्या भजनी मंडळाचा बुवा. बुवा म्हणजे जो पेटी वाजवतो, पुढे होऊन गातो आणि ज्याला चहा सगळ्यांत आधी मिळतो तो माणूस.

माघी गणपतीला आमच्याकडे डबलबारी असते. देवळासमोर एका बाजूला आमचं मंडळ, दुसऱ्या बाजूला खालच्या आळीचे नारायणबुवा. आळीपाळीनं गायचं, मध्येमध्ये एकमेकांना भरपूर चिमटे काढायचे, आणि शेवटचा गजर जो रंगवेल त्यानं वर्षभर मान वर करून फिरायचं. गजराचे शब्द देवाचे आणि चाल सिनेमाची, हा आमच्याकडचा रीतसर व्यवहार आहे. ज्या चालीवर नटी धबधब्याखाली भिजली त्याच चालीवर आम्ही विठ्ठलाला विटेवर उभा करतो. विठ्ठलानं कधी तक्रार केलेली नाही.

अडचण एवढीच, की सिनेमे दोन्ही आळ्यांना तेच दिसतात. लागोपाठ दोन वर्षं मी महिनाभर घोटलेली चाल नारायणबुवांनी माझ्या आधी गाऊन टाकली, आणि मी पेटीवर हात ठेवून भाता हलवत बसलो. लोकांना वाटलं, बुवा ध्यान करतोय. यंदा तालमीच्या पहिल्याच दिवशी आमच्या पखवाजवाल्या बबननं मला बाजूला घेतलं.

"बुवा, राग मानू नका. पन औंदा पडलो तर मंडळी म्हनतात, पेटी सदूला देऊ."

सदू माझा सख्खा चुलत भाऊ. मोबाईलवर बघून पेटी शिकलाय आणि वाजवताना मान अशी हलवतो की जणू पेटीचा शोध यानंच लावला! मला त्या रात्री जेवण गेलं नाही. खरं सांगतो, होमस्टे गेला असता तरी चाललं असतं, पण पेटी सदूच्या मांडीसमोर बघणं मला जमलं नसतं.

अशा वेळी माझी मुलगी गार्गी पुण्याहून चार दिवसांसाठी आली. तिनं जपानी भाषा शिकून घेतलीय आणि तिकडच्याच एका कंपनीत कामाला आहे. संध्याकाळी ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून ती डोळे मिटून काहीतरी ऐकत होती.

"काय ऐकतेस गं?"

"जपानी अल्बम आहे बाबा. पॉपच, पण शास्त्रीय वळणाचा."

शास्त्रीय म्हटल्यावर मी धोतराचा सोगा सावरून बसलो. "राग कुठला?"

"तसं नाही हो. त्यांचं शास्त्र वेगळं. व्हायोलिनं, चर्चमधला ऑर्गन, चार-पाच जणींचा कोरस. आणि मूड जरा... अंगावर काटा आणणारा आहे."

"आपल्या नारायणबुवांचा आवाजही अंगावर काटा आणतो. लाव."

तिनं डबीएवढा स्पीकर कठड्यावर ठेवला आणि अल्बम पहिल्यापासून लावला. आधी काहीच वाजलं नाही. मग कुणीतरी श्वास घेतला. माझी बायको तांदूळ निवडत होती, तिनं मागे वळून पाहिलं. मग चावीच्या खेळण्यातून यावी तशी किणकिण सुरू झाली, आणि एक बाई अगदी कानाशी येऊन कुजबुजल्यासारखी गायला लागली. गाता गाता मध्येच थांबायची. थांबली की लांबून एखादं दार करकरायचं. दार करकरलं की व्हायोलिनं अशी काही चिरकत वर जायची की आमच्या मांजरानं कौलांवर जाऊन बसणं पसंत केलं.

"ही गातेय की रडतेय?" बायकोनं विचारलं.

"आई, ते सौंदर्य आहे."

"असेल. पण आधी तिला कुणीतरी दोन घास जेवायला घाला."

तिसऱ्या गाण्याला पुढच्या खोलीतलं ठाण्याचं जोडपं बाहेर आलं. नवरा हळूच म्हणाला, "काका, तुमच्या विहिरीत कोणी पडलंय का?" मी म्हटलं, "छे हो, जपानी शास्त्रीय संगीत आहे." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि काशीदला एक दिवस आधी जायचं ठरवलं. अर्धं बुकिंग गेलं! पण माझं लक्षच नव्हतं. कारण पुढच्या गाण्यात ती बाई एकच ओळ पुन्हापुन्हा, दर वेळी थोडी वरच्या सुरात म्हणत होती, तिच्यामागे सगळ्या बायका तीच ओळ धरत होत्या, आणि ते ऐकताना माझ्या डोक्यात दिवा लागला. एकानं ओढायचं आणि मागच्यांनी धरायचं, हा तर सरळ सरळ गजर! आणि मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत ही चाल एकाही बुवानं ऐकलेली नव्हती.

"गार्गी, हे एवढं माझ्या मोबाईलवर टाक."

"आवडलं तुम्हाला?" पोरीचा चेहरा असा खुलला की मला खरं कारण सांगवेना. शिवाय चाल फुटायची भीती होती. (तिची मैत्रीण खालच्या आळीची आहे.) गाण्याचा अर्थ काय, हेही मी विचारलं नाही. चाल उचलताना शब्दांची चौकशी करायची नसते, ही भजनातली जुनी शिस्त आहे.

पुढचे पंधरा दिवस आम्ही सुपारी वाळवायच्या खोलीत दार लावून तालीम केली. शब्द मी साधे ठेवले. गणरायाला 'ये, ये, लवकर ये' अशी आळवणी, आणि मागच्यांनी नुसतं 'ये... ये...' धरायचं. बबन पहिल्याच दिवशी वैतागला.

"बुवा, ठेका दादऱ्यात बसतोय. पन चालता चालता मधीच एक मात्रा कुठं पडतेय?"

"पडत नाही. ती त्यांनी मुद्दाम काढलीय."

"मंग मी थाप कुठं मारू?"

"जिथं मारावीशी वाटते तिथं मारायची नाही. हेच त्यातलं शास्त्र!"

बबननं पखवाजावरचा हात उचलून मांडीवर ठेवला. सदू मात्र मान हलवत "वा, वा" म्हणाला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

उत्सवाच्या दिवशी संध्याकाळची आरती झाली आणि बाऱ्या उभ्या राहिल्या. मुंबईचे चाकरमानी, सासुरवाशिणी, कडेवरची पोरं, चणे-शेंगदाणेवाला, सगळं गाव देवळापुढे. अभंग, गौळण बरोबरीत सुटले. नारायणबुवांनी गजराला ताज्या सिनेमातली चाल घेतली आणि मंडप टाळ्यांनी दणाणला. मी गालातल्या गालात हसलो. माईकवाल्याला जवळ बोलावून सांगितलं, "माझ्या वेळी इको पूर्ण वाढव. विहिरीतून आल्यासारखं वाटलं पाहिजे." त्यानं बिचाऱ्यानं प्रामाणिकपणे सगळी बटणं उजवीकडे फिरवली.

मी आधी माईकजवळ तोंड नेऊन श्वास घेतला. (अल्बममध्ये होता, म्हणून मीही घेतला.) तो श्वास चारी कर्ण्यांमधून बाहेर पडला आणि पहिल्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं. मी पेटीच्या वरच्या पट्टीत किणकिण सुरू केली. दुसरं पोर रडायला लागलं. मग मी कुजबुजत आळवलं, "ये..." आणि मागून माझ्या आठ दणकट साथीदारांनी, ज्यांचा जन्म समुद्रावर हाका मारण्यात गेलाय, शक्य तेवढ्या बारीक आवाजात धरलं, "ये... ये..."

मंडपातली कुजबुज बंद पडली. मला वाटलं, रंग चढतोय! मी सूर एक घर वर नेला. देवळामागची कुत्री जागी झाली आणि त्यांनी आमचा सूर बरोबर पकडला. (खोटं कशाला बोलू, त्या दिवशी सगळ्यांत सुरेल तीच होती.) लोकांनी टाळ्यांची साथ द्यायचा प्रयत्न केला, पण ती हरवलेली मात्रा आली की निम्मे लोक हात वर धरून अडकायचे. चणेवाल्यानं कंदील उचलला आणि तो घरी निघून गेला. गाभाऱ्यातून भटजी बाहेर आले, समईत तेल आहे ना बघून पुन्हा आत गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. ते दार करकरलं! अगदी अल्बममधल्यासारखं, नेमक्या जागी! मी आनंदानं आणखी एक घर वर गेलो.

आणि जानकीकाकूंच्या अंगात आलं.

केस सोडून काकू मंडपाच्या मधोमध घुमायला लागल्या. बायका मागे सरकल्या. गुरव अंगारा घेऊन धावला, काकूंच्या कपाळाला लावला आणि रिवाजाप्रमाणे हात जोडून विचारलं, "कोन हायस तू माये?"

"मी गावदेवी हाय!"

"काय चुकलं आमचं? काय होवं तुला? नारळ देऊ?"

"नारळ न्हाय होवा!"

"मंग कोंबडा?"

"कोंबडा न्हाय होवा! ह्याची पेटी बंद करा!"

सगळा मंडप माझ्याकडे वळला. गुरव जरा गोंधळला, कारण देवीनं हे याआधी कधी मागितलं नव्हतं. "आजच्यापुरती बंद करू, का कायमची?"

"कायमची!!" काकू गरजल्या आणि शांत झाल्या.

आता माझा मुद्दा ऐका. जानकीकाकू या नारायणबुवांच्या सख्ख्या आत्या! गावदेवी दोन्ही आळ्यांची, मग तिला दर वेळी खालच्या आळीतलंच अंग कसं सापडतं? हे मी तिथंच मोठ्यानं विचारलं. ते विचारायला नको होतं, कारण इको अजून चालू होता.

उत्तर द्यायची पाळी नारायणबुवांची होती. त्यांनी माईक हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला, पुन्हा घेतला. "मंडळी, ह्या गजराला आमच्याकडं जवाब न्हाय. मारुतीरायाचं नाव घ्या आनी पोराबाळांना घेऊन सुखरूप घरी जा." मंडपानं मारुतीचा असा जयजयकार केला, की तसा त्या उत्सवात गणपतीचासुद्धा झाला नव्हता.

घरी येताना, उत्सवासाठी पुण्याहून पुन्हा आलेली गार्गी तोंडावर ओढणी धरून चालत होती. मला वाटलं, पोरगी बापासाठी रडतेय. जवळ जाऊन पाहिलं तर हसून हसून तिचे डोळे वाहत होते.

"बाबा, त्या गाण्यात तळ्यात बुडालेली मुलगी आपल्या बहिणीला खाली बोलावते. 'ये, ये, पाणी गार नाही' असं."

"आधी सांगायचं नाही?"

"तुम्ही ते गणपतीला ऐकवाल असं मला कसं वाटणार?"

बायको एवढंच म्हणाली, "गणपतीचं विसर्जन आपण करतोच की. त्यालाच बोलावलं खाली, एवढं काय!"

दुसऱ्या दिवशी पेटी सदूकडे गेली. दोघं जण ती उचलून आमच्या दारातून नेत होते तेव्हा मी वाडीत जाऊन उगाच पोफळींना पाणी घालत उभा राहिलो. मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत कुणी मला नावानं हाक मारली नव्हती, सगळे बुवा म्हणायचे. त्या दिवसापासून दुकानदारसुद्धा 'अहो काका' म्हणायला लागला.

मग शिमगा झाला आणि खालच्या आळीतले एक म्हातारे गृहस्थ वारले. त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. बाराव्याला आमच्याकडे भजन बसतं.

"बुवा, ते तुमचं जपानी म्हनाल काय?"

"मुद्दाम चेष्टा करायला आलास?"

"देवाशपथ न्हाय! बा गेल्यापासनं कुनी रडलाच न्हाय. इस्टेटीचं बोलन्यातच सगळी गुंतलीत. तुमची चाल ऐकली तर जरा वातावरन होईल."

गेलो. पेटी त्या दिवसापुरती सदूकडून मागून घेतली होती, साथीला बबन. दुसऱ्याच ओळीला तिन्ही सुना हुंदके देऊन रडल्या, आणि धाकट्या भावानं मोठ्याच्या पायावर डोकं ठेवलं. बबनची हरवलेली मात्रा तिथं बरोबर बसली, कारण तेवढ्यात कुणीतरी नाक शिंकरायचं. बातमी पसरली. पंचक्रोशीत कुणी गेलं की मला निरोप येऊ लागला. मंडळानं माझ्यासाठी वेगळी पेटी घेतली. उत्सवाला सदू, बाराव्याला मी, अशी वाटणी ठरली, आणि लोक पुन्हा मला बुवा म्हणू लागले. मी खूश होतो.

परवा आमच्या शेजारचे नाना तापानं आडवे झाल्याचं कळलं. माणुसकी म्हणून दोन शहाळी घेऊन बघायला गेलो. दारात पाऊल ठेवलं तर त्यांच्या सूनबाईंनी मला पाहून पदर तोंडाला लावला. आत कुणीतरी म्हणालं, "बुवा आले!" आणि आठ दिवस ज्यांनी कूस बदलली नव्हती ते नाना ताडकन उठून बसले.

"अजून हाय मी! अजून हाय!" ते ओरडले, आणि मी पेटी आणलेली नाही हे दोन्ही हात दाखवून सांगेपर्यंत मागच्या दारानं वाडीत निघून गेले. चालत! आधाराशिवाय!

नाना आता ठणठणीत आहेत. मलाही माझा मान पूर्ण परत मिळालाय. फक्त सत्यनारायणाच्या प्रसादाला जिवंत माणूस काही मला बोलवत नाही.