सर्व्हरवर पळणारा आमचा नऊ नंबर

गड्यांनो, त्या कंपनीचा एकबी गेम आता घ्यायचा न्हाय, असं सकाळी ग्रुपवर मीच लिहिलं. त्याचं कारण सांगतो.

तिच्या फुटबॉलच्या गेममध्ये आम्ही मित्रांनी आपल्या पेठेची अख्खी टीम बनवलेली. जर्सीचा रंग तोच, तोंडं हुबेहूब. नऊ नंबरला आमचा अम्या. खऱ्या मैदानात त्याचा गुडघा कायमचा गेला, तवापासनं तो फक्त तिथंच पळायचा.

आज गेम उघडला तर कंपनीचा मेसेज. जुने सर्व्हर बंद, आठवणींबद्दल आभार. खाली लगेच नव्या गेमची जाहिरात. टीम गायब.

अम्याला फोन केला. तो म्हणाला, "माझा पाय परत मोडला की रं."

मी कंपनीला शिव्या घातल्या. पण इतकी वर्षं त्याला पळवलं तेबी तिनंच.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलतो. गुडघ्याला पट्टा बांधून बसलेला, आणि त्याच कंपनीच्या नव्या गेममधल्या नऊ नंबरला स्वतःचं नाक नीट बसवत होता.

म्हटलं, "अम्या, हाबी बंद करतील."

"करू देत. तवर पळतो."

सांगा, ह्याला बहिष्कार टाक म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?