टेकडीपल्याड

उचगावची शाहिस्ता शिवणकाम सांभाळून एका ऑनलाइन खेळाचा सर्व्हर चालवायची. तिथं तीसेक जणांनी मिळून घरं, शेतं, तळी असं अख्खं जग उभं केलं होतं. रविवारी दुपारी चारला ती ते पुसून नवं सुरू करणार होती.

“फोटो काढून ठेवा. मागनं माझ्या नावानं खडं फोडू नका,” असं तिनं आठवडाभर सगळ्यांना बजावलं होतं.

चारला पाच मिनिटं कमी असताना दूधवाल्या तानाबाई खेळातल्या आपल्या गोठ्याचं दार उघडताना दिसल्या.

“मावशी, जनावरंबी पुसली जाणार हायत की,” शाहिस्ता माइकवर म्हणाली.

“ठावं हाय. पर पुराचं पाणी आलं की आमी आदी दावी सोडतो.”

पडद्यावरच्या पांढऱ्या गाई धुक्यातनं संथपणे टेकडी चढू लागल्या. शेवटचं वासरू पल्याड उतरेपर्यंत शाहिस्तानं चार वाजू दिले नाहीत.