पुलाखालून जाणारी वाट

उभी हयात शिवणयंत्रापुढे काढलेल्या शिंपीणकाकूचे गुडघे सत्तरीत अडून बसले. डॉक्टर म्हणाले, "आजी, रोज चालायला हवं."

"चालू कुठे? समोर ट्रक, मागे काटे. अंगणात वळेपर्यंत भिंत येते!"

खरंच होतं ते. दारापुढचा रस्ता रुंद झाल्यापासून तो ओलांडणं म्हणजे जिवाशी खेळ. काकूची बालमैत्रीण कुंभारीण पलीकडच्या आळीत राहायची. एकाच गावात राहून दोघी फोनवर बोलायच्या.

एका सकाळी सून शेतावर गेलेली असताना गाभण शेळीने दावं तोडलं आणि ती घरामागच्या झुडपांत घुसली. काकूही पदर खोचून मागोमाग. काट्यांनी लुगडं फाटलं, पण पुढे पाय ओळखीच्या जमिनीला लागले. पाटाकाठची जुनी वाट! लहानपणी याच वाटेने त्या दोघी शाळेत जायच्या. पाट पुढे वळून रस्त्याच्या पुलाखालून पलीकडे जात होता. वर ट्रक धडधडत होते, खाली शेळी पुढे आणि काकू मागे.

वाट संपली ती कुंभारणीच्या परसात. शेळी भोपळ्याच्या वेलावर ताव मारत होती आणि कुंभारीण केरसुणी उगारून उभी.

"कुणाची गं ही अवदसा?"

"माझीच!" काकू धापा टाकत म्हणाली.

कुंभारणीच्या हातून केरसुणी गळून पडली. "तू? आलीस कशी, उडत?"

मग दोघी इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. वेलाचा फडशा पडला तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

दुपारी सून शोधत आली. "अहो आई, पाय नाही दुखले?"

"दुखतायत की. पण बोलायचं किती राहिलंय!"

दुसऱ्या दिवशी काकू विळा घेऊन काट्यांना भिडली. मुलगा कुऱ्हाड घेऊन आला. शेजारचा म्हातारा गवंडी "माझी कंबर गेली" म्हणत नुसता बघत होता. शेवटी त्याला राहवेना. टेकायला म्हणून त्याने सावलीत दगडी बाकं रचली आणि पहिला मान स्वतःच घेतला.

वाट मोकळी झाली तशी घराघरांतून म्हातारी माणसं बाहेर पडू लागली. सकाळी तिथे एवढा कलकलाट, की पाखरांनी गप्प बसावं. काकूचे गुडघे अजून कुरकुरतात, पण तिला ऐकू येईल तर ना!

परवा कुणीतरी पोलकं शिवायला घेऊन आलं. सून हसून म्हणाली, "सासूबाई घरी सापडतील तर शपथ! पाटावर बघा."