सोमाभाऊचे भोवरजाळे

बोलता बोलता वाक्य अर्धे सोडून सोमाभाऊ जाळ्याची कड दातांत धरायचा. मग गप्प. कंबरेतून एक गिरकी, आणि जाळे तलावावर परातीएवढे गोल होत होत खळ्याएवढे उघडायचे. ते पाण्यात बसले, की राहिलेले वाक्य तिथूनच पुढे सुरू.

अहेरीकडच्या त्या गावात मी तेव्हा नवा मास्तर होतो. पोरांना गोळाफेक शिकवायचो, म्हणून जाळेही जमेल असे वाटले. पहिल्या दिवशी ते ओल्या घोंगडीसारखे धपकन पडले.

"हातानं काऊन फेकता, मास्तर? कंबरेनं फेका. हात निस्ता सोडून देते. अन् तोंड येळेवर उघडा, नाई तं दातबी तलावात जातीन!" त्याचे स्वतःचे पुढचे दोन नव्हतेच.

ते जाळे त्याने दोन पावसाळे बसून विणले होते. एका दुपारी काठावर वाळत घातलेले मी न विचारता उचलले. त्याच्यासारखाच दोरीचा फास मनगटात अडकवला, कंबरभर पाण्यात उभा राहिलो आणि फेकले. सुरेख उघडले. पण तळाच्या एका खुंटात अडकले. सोमाभाऊने दोरी ढिली सोडून बुडी मारली असती. मी ओढत राहिलो. फास आवळला, पाय घसरला, नाकात पाणी गेले. खिशात पेन्सिली तासायचा चाकू होता. दोरी कापून मी बाहेर आलो आणि घरी गेलो. हे आजवर कुणाला सांगितलेले नाही.

संध्याकाळी त्याने धाकट्या भावाला, डोमाला, धरले.

"माहं जाळं कुठी इकलं रे?"

"मायची आन, दादा! हातबी नाई लावला मी."

"चोर घरातलाच हाय, मास्तर," सोमाभाऊ माझ्याकडे वळून म्हणाला. मी मान हलवली. होकाराची. आठवड्याभरात डोमा बायकोला घेऊन दूर जंगलात लाकूडतोडीला निघून गेला.

उन्हाळ्यात तलाव आटला, खुंटाला गुंडाळलेले जाळे उघडे पडले. सोमाभाऊ त्याच्यापाशी उकिडवा बसला. दोरीच्या कापलेल्या टोकावरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिला. माझ्याकडे पाहिले नाही.

"डोम्याले चिठ्ठी लिवा, मास्तर. चूक माही होती म्हना. वापस ये म्हना."

मी लिहिले, 'चूक माझी होती.' खाली त्याचा अंगठा घेतला.

डोमा आला नाही. पुढे सोमाभाऊ तापाने गेला, तेव्हाही नाही. तेराव्याच्या पंगतीत कुणीतरी म्हणाले, "सख्खा भाऊ नाई आला, पन मास्तर आले पाहा." मी मान खाली घालून जेवलो.