शेजाऱ्याच्या रानात पिकणारा मंतर

पालमला आमच्या गल्लीत पिठाची गिरणी चालवणारी एक बाई आहे. दळता दळता ती मनातला एक मुलूख रचते. गिरणीच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय, त्यामुळं त्या मुलखाची खबर अख्ख्या गल्लीला असते. एकदा मी विचारलं, तिथला राजा कोण? पिठाळ हात झटकत ती म्हणाली, "राजा मागून बघू. तिथं पाव्हण्याला पहिलं पाणी कोण देतं, ते आधी ठरू द्या."

लाईट गेली की गिरणी थांबते, तिचा आवाज उतरतो आणि शंका निघतात. अशाच एका दुपारी म्हणाली, "वहिनी, माझ्या मुलखात मंतर म्हटला की पीक येतंय. पर मंतरानं पीक येत असंल तर लोक राबतील कशाला? लय खोटं वाटायलंय मला."

मग बरेच दिवस ती त्याच शंकेवर दळत होती. एका सकाळी लांबूनच ओरडली, "सुटलं बघा. मंतर म्हणणाऱ्याच्या रानात पिकतच न्हाई. शेजाऱ्याच्या रानात पिकतं." म्हणजे ज्याचं त्याचं पीक शेजाऱ्याच्या हाती; तिथं सगळ्यांना सावडीनंच जगावं लागणार, एकमेकांच्या रानात राबून.

तिच्या रानाला लागून तिच्या जावेचं रान आहे. बांधाच्या भांडणापासून दोघी बोलत नाहीत.

परवा गिरणी बंद दिसली. ती खुरपं घेऊन निघाली होती, जावेच्या रानात.

"बोलावलं का तिनं?" मी विचारलं.

"न्हाई," ती हळू आवाजात म्हणाली. "पर नियम मीच केलाय. मीच मोडला तर त्या मुलखात कोण राहील?"